रायफल झिरो करताना: गोळी किती खाली येते, क्लिक किती फिरवायचे

मुलीला नेमबाजीच्या रेंजवर सोडायला जायचे आणि दोन तास बाकड्यावर बसून राहायचे. सहा महिन्यांनी कंटाळून मीच रायफल हातात घेतली. पहिल्या महिन्यातली एक सकाळ अजून आठवते. पहिला शॉट उजवीकडे गेला, मी साइट (नेम धरायचं रायफलीवरचं साधन) डावीकडे फिरवली. दुसरा डावीकडे गेला, मी उजवीकडे फिरवली. तिसरा खाली, चौथा वर. चाळीस पेलेट (एअर रायफलीच्या बारीक गोळ्या) संपल्या तेव्हा साइट जवळपास सुरुवातीच्याच जागी येऊन थांबली होती. शेजारच्या लेनवर एक निवृत्त फौजदार काका होते. ते इतका वेळ काही बोलले नव्हते. मग हळूच म्हणाले, "ताई, रायफल ठीकच होती. तुम्ही तिला उगाच पळवलीत."

झिरो करणं म्हणजे काय, एका अंतराला झिरो केलेली रायफल दुसऱ्या अंतराला वर-खाली का मारते आणि क्लिकचा, म्हणजे साइट फिरवताना बसणाऱ्या एकेका खटक्याचा, हिशोब कसा करायचा, हे मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. ते इथं एका जागी लिहितेय. हे सगळं रेंजवरच्या कागदी टार्गेटपुरतं आहे: १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटरची पॉइंट टू-टू (०.२२ इंची नळीची रायफल).

१. आधी कागदपत्रं

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. मॅचच्या एअर रायफली या मर्यादेच्या बऱ्याच आत असतात. पॉइंट टू-टूचं मात्र तसं नाही. ते बंदुकीच्या दारूवर चालणारं शस्त्र आहे, परवान्याशिवाय घरी आणता येत नाही. नवख्याने त्याची घाई करूच नये. क्लबचा सभासद व्हा आणि क्लबची रायफल, क्लबच्या रेंजवर, कोचच्या नजरेखाली चालवा.

सभासद होताना साधारण हे मागतात:

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, आणि पत्त्याचा पुरावा
- जन्मतारखेचा दाखला
- पासपोर्ट आकाराचे फोटो (चार जास्तीचे ठेवाच)
- मूल अल्पवयीन असेल तर पालकांचं संमतीपत्र

२. पिशवीत काय हवं

कानाला मफ किंवा प्लग, डोळ्यांना चष्मा. सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी आहे हे लांबून दिसावं म्हणून नळीत घालायची ती रंगीत दोरी. साइटच्या स्क्रूंना बसणारी ॲलन की. एकाच डब्यातल्या, एकाच लॉटच्या पेलेट किंवा गोळ्या. टार्गेटचे कागद, पेन, छोटी पट्टी. ५० मीटरला कागदी टार्गेट असेल तर भोकं बघायला स्पॉटिंग स्कोप, तो बहुतेक क्लबात मिळतो. आणि एक वही. मोबाइलवर लिहीन म्हणाल तर लिहिणार नाही, मी केलंय ते.

३. गोळी खाली कधी यायला लागते?

बहुतेकांच्या डोक्यात असं चित्र असतं: गोळी आधी सरळ जाते, मग दमते, मग खाली येते. हे चूक आहे. नळीच्या तोंडातून बाहेर पडली त्याच क्षणी गोळी पडायला लागते. हातातून सुटलेला दगड जसा पडतो तसाच. फरक इतकाच की पडता पडता ती प्रचंड वेगाने पुढेही जात असते.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे: गोळी नळीतून निघाली की आधी वर उठते. गोळीला पंख नाहीत. ती वर जाते, कारण आपण नळी किंचित वर धरलेली असते. लगोरीत लांबच्या गड्याकडे चेंडू टाकताना आपण त्याच्या छातीकडे बघतो पण हात थोडा वर सोडतो. ज्वारीच्या शेतात गोफण फिरवणाऱ्यालाही हे कुणी शिकवत नाही. रायफलीत हा "थोडा वर" आपल्या हाताऐवजी साइट ठरवते. डोळ्यापासून टार्गेटपर्यंतची नेमाची रेषा सरळ असते आणि तिच्याखालची नळी अगदी बारीक कोनात वर रोखलेली असते. झिरो करणं म्हणजे हा कोन असा लावणं की ठरलेल्या अंतरावर पडणारी गोळी नेमाच्या रेषेला नेमकी भेटेल.

किती पडते ते वेळेवर ठरतं. सेकंदांचा वर्ग करा आणि ४.९ ने गुणा, म्हणजे मीटरमध्ये उत्तर येतं. हवेच्या अडथळ्यामुळे अगदी तंतोतंत येत नाही, पण आपल्या कामापुरतं पुरतं.

मॅचच्या एअर रायफलीची पेलेट अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाची असते आणि सेकंदाला साधारण १७० मीटरने निघते. १० मीटर जायला तिला सेकंदाचा सोळावा-सतरावा भाग लागतो. तेवढ्यात ती पावणेदोन सेंटिमीटर पडते. १० मीटरच्या टार्गेटवरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो आणि दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. म्हणजे "एअर रायफलीत कसला आलाय ड्रॉप" असं म्हणणाऱ्याची पेलेट अर्ध्या काळ्याहून जास्त पडलेली असते. साइटने ते आधीच भरून काढलेलं असतं म्हणून त्याला ते कळत नाही, इतकंच.

पॉइंट टू-टूची मॅचची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास, आवाजाच्या वेगापेक्षा थोडा कमी. तिचा हिशोब असा:

- २५ मीटरला सुमारे ३ सेंटिमीटर पडते
- ५० मीटरला सुमारे १२ सेंटिमीटर
- १०० मीटरला सुमारे ५० सेंटिमीटर

अंतर दुप्पट झालं की पडणं चौपट होतं. नवख्याला गोंधळात टाकते ती हीच चौपट.

४. एक झिरो, पण रेषा दोनदा कापली जाते

हा भाग सावकाश वाचा. जमलं तर कागदावर चित्र काढत वाचा.

समजा तुमच्या पॉइंट टू-टूची साइट नळीच्या मध्यापासून ४ सेंटिमीटर वर आहे. पट्टीने मोजा, प्रत्येक रायफलीचं वेगळं असतं. म्हणजे गोळी निघतानाच नेमाच्या रेषेच्या ४ सेंटिमीटर खाली असते. तुम्ही ५० मीटरला झिरो केलंत. तिथं गोळी १२ सेंटिमीटर पडणार आणि सुरुवातीचे ४ खालचे, म्हणून नळीची रेषा ५० मीटरमध्ये १६ सेंटिमीटर चढायला हवी. क्लिक फिरवून तुम्ही नेमकं हेच केलेलं असतं.

आता तोच झिरो ठेवून २५ मीटरला टार्गेट लावा. निम्म्या अंतरात नळीची रेषा ८ सेंटिमीटर चढली. त्यातून सुरुवातीचे ४ वजा, पडण्याचे ३ वजा. उरला १. गोळी १ सेंटिमीटर वर लागेल.

१०० मीटरला? रेषा ३२ चढली, ४ वजा, ५० वजा. गोळी २२ सेंटिमीटर खाली.

आणखी जवळ, सोळा-सतरा मीटरला बघा. तिथं गोळी चढता चढता नेमाच्या रेषेला पहिल्यांदा कापते. म्हणजे एका झिरोत रेषा दोनदा कापली जाते, एकदा जवळ आणि एकदा लांब. मधल्या पट्ट्यात गोळी रेषेच्या वर असते. पहिल्या छेदाच्या आधी आणि दुसऱ्याच्या नंतर खाली.

आमच्या मुलीने या पहिल्या छेदाचा फटका खाल्ला. घरी हॉल लहान, म्हणून तिने ७ मीटरला टार्गेट लावलं आणि मागे जाड गोळीपेटी ठेवून एअर रायफल मारली. अंतर कमी, म्हणजे पेलेट वर लागायला हवी असा तिचा हिशोब. पेलेट आठ-दहा मिलिमीटर खाली. तिने साइट वर घेतली आणि दुसऱ्या दिवशी रेंजवर सगळे शॉट वर. ७ मीटरला पेलेट अजून नेमाच्या रेषेपर्यंत चढलेलीच नसते, हे आम्हा दोघींना तेव्हा माहीत नव्हतं. घरी १० मीटर मिळत नसतील तर रिकाम्या रायफलीने ड्राय प्रॅक्टिस करा. साइटला हात लावू नका.

आता तुलनेसाठी ३०० मीटरची गोष्ट. ऑलिंपिकमधून १९७२ नंतर ती गेली, पण जागतिक स्पर्धांत आहे. तिथल्या गोळीला ३०० मीटर जायला सेकंदाचा चार दशांश भाग लागतो आणि तेवढ्यात ती ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास पडते. पॉइंट टू-टू १०० मीटरलाच अर्धा मीटर खाली येते. अंतर नव्हे, वेळ मोजायची ती यासाठी.

५. फिरवण्याआधी तपासा

साइटचे, माउंटचे आणि नळी धरणारे स्क्रू घट्ट आहेत का बघा. ढिल्या साइटवर झिरो करणं म्हणजे वाळूत खुंटा ठोकणं. नळी नुकतीच साफ केली असेल तर पॉइंट टू-टूच्या पहिल्या पाच-दहा गोळ्या हिशोबात धरू नका, त्या इकडे-तिकडे जातात.

सुरुवातीचा झिरो टेकूवर करा. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवा, पण नळी पिशवीला टेकवू नका, लाकडाचा पुढचा भाग टेकवा. नळी टेकली की शॉट दुसरीकडेच जातो.

आणि रेंजचे हुकूम: "लोड", "स्टार्ट", "स्टॉप", "अनलोड". "स्टॉप" ऐकलं की बोट ट्रिगरवरून बाहेर, मग बाकी सगळं. टार्गेट बदलायला कुणी पुढे गेलं असेल तेव्हा साइटमधून नुसतं बघायलाही रायफल उचलायची नाही.

६. पाच मारा, मग बघा

रायफल नवीन असेल किंवा साइट काढून पुन्हा बसवली असेल तर थेट ५० मीटरला जाऊ नका. आधी २५ मीटरला मोठ्या कागदावर मारा. नाहीतर गोळी कागदावरच लागणार नाही आणि कुठे गेली ते शोधत बसाल.

आता नियम, जो मी चाळीस पेलेट घालवून शिकले. एकाच जागी नेम धरून पाच शॉट मारा. शॉट कुठे लागतोय ते बघून नेम बदलू नका. सगळे खाली-उजवीकडे जात असले तरी नेम मध्यावरच. पाच झाल्यावर भोकांचा मध्य काढा: पेनाने एक उभी रेघ, एक आडवी रेघ, दोन्हींच्या दोन्ही बाजूंना सारखी भोकं पडतील अशी. रेघा जिथं कापतात तो तुमच्या ग्रुपचा मध्य. झिरो त्याचा करायचा, शॉटचा नाही.

एखादा शॉट सुटताना तुम्हालाच कळलं असेल की हात हलला, तर तो सोडून द्या आणि एक जास्तीचा मारा. पण "हा मला आवडला नाही" म्हणून सोडू नका. काकांचं यावर मत कडक होतं: शॉट सुटताच, स्कोपमध्ये बघायच्या आधी, तो कुठे गेला ते तोंडाने सांगायचं. सांगितलं नसेल तर तो मोजायचा.

ग्रुप पसरट येत असेल तर झिरो करायला घेऊच नका. पाच भोकं तळहाताएवढ्या जागेत असतील तर त्यांच्या मध्याला अर्थ नाही, पुढचा ग्रुप वेगळा मध्य दाखवेल. आधी श्वास आणि ट्रिगर.

७. क्लिकचा हिशोब

रायफलीवर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, असेल तर त्यावर बहुधा पाव एमओए क्लिक लिहिलेलं असतं. एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरला तो २९ मिलिमीटर होतो, म्हणून पाव एमओएचा एक क्लिक १०० मीटरला ७.३ मिलिमीटर, ५० मीटरला ३.६ आणि २५ मीटरला १.८. एक दशांश मिल लिहिलेलं असेल तर हिशोब आणखी सोपा: १०० मीटरला १ सेंटिमीटर, ५० ला ५ मिलिमीटर.

उदाहरण घ्या. ५० मीटरला ग्रुपचा मध्य ३० मिलिमीटर खाली आणि ११ उजवीकडे. ३० भागिले ३.६, साधारण ८ क्लिक वर. ११ भागिले ३.६, ३ क्लिक डावीकडे. फिरवा, पुन्हा पाच मारा. बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या ग्रुपला काम होतं.

इथली नेहमीची चूक: २५ मीटरला मोजलेल्या मिलिमीटरांना ५० मीटरच्या क्लिकने भागणं. क्लिक कोन बदलतो, सेंटिमीटर नाही. तेवढीच चूक सुधारायला निम्म्या अंतरावर दुप्पट क्लिक लागतात.

मॅच रायफलीवर स्कोप नसतो, मागे डायॉप्टर (डोळ्यासमोरची बारीक भोकाची साइट) आणि पुढे रिंग असते. मागची साइट जिकडे सरकते तिकडेच शॉट सरकतो. पुढच्या साइटचं उलटं. पण खुणांचा भरवसा धरू नका. काही जर्मन साइटवरचं अक्षर "शॉट उजवीकडे गेला असेल तर इकडे फिरवा" असं सांगतं, तर बऱ्याच स्कोपवरचा बाण "शॉट इकडे न्यायचा असेल तर इकडे फिरवा" असं सांगतो. दोन्हींचा अर्थ नेमका उलटा. म्हणून परकी साइट हातात आली की आधी एक ग्रुप मारा, एका दिशेला दहा क्लिक फिरवा, दुसरा ग्रुप मारा. कुठे सरकला आणि किती सरकला ते पट्टीने मोजा. एका क्लिकचं माप आणि दिशा दोन्ही एकदम कळतात.

जुन्या, झिजलेल्या साइटमध्ये उलटं फिरवताना पहिले एक-दोन क्लिक वाया जातात. थोडं पुढे नेऊन परत आणा.

८. अंतर बदललं की

वर काढलेल्या आकड्यांना क्लिकने भागलं की झालं. ५० मीटरच्या झिरोवरून २५ ला: १ सेंटिमीटर वर, म्हणून साधारण ६ क्लिक खाली. १०० ला: २२ सेंटिमीटर खाली, म्हणून तीसेक क्लिक वर. हे फक्त जवळ पोहोचण्यापुरतं. तिथं पाच-पाचचे दोन ग्रुप मारून खरा आकडा काढा आणि वहीत लिहा. तुमच्या गोळीचा वेग आणि साइटची उंची माझ्यासारखी नसणार. दुसऱ्याच्या रायफलीचे क्लिक आपल्या रायफलीला लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याने पेपर वाचणं.

५० वर परत येताना तेवढेच क्लिक उलटे मोजा आणि एक ग्रुप मारून खात्री करा.

९. झिरो हलला, की तुम्ही?

गोळ्यांचा लॉट बदलला तर नव्याने तपासा. ब्रँड तोच असला तरी.

रायफल तिरकी धरणं, ज्याला रेंजवर कँट म्हणतात, ते आपलं आपल्याला दिसत नाही. रायफल ५ अंश उजवीकडे कलली तर ५० मीटरला शॉट १ सेंटिमीटरच्या आसपास उजवीकडे जातो आणि अगदी किंचित खाली. ५० मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा गोल आहे १०.४ मिलिमीटरचा. तेव्हा साइटला दोष देण्याआधी कोचला मागे उभं करून कल बघायला सांगा. थोडा कल चालतो, पण तो दर शॉटला तोच हवा.

वारा: ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा पॉइंट टू-टूला ५० मीटरला २ सेंटिमीटरच्या आसपास ढकलतो. दहाचा आठ होतो. झिरो शक्यतो शांत सकाळी करा, आणि त्या दिवशीचा वारा वहीत लिहा. नाहीतर वाऱ्याचाच झिरो करून बसाल.

आणि पोझिशन. आडवं पडून केलेला झिरो उभं राहिल्यावर तसाच लागेल असं नाही. गाल वेगळा टेकतो, खांद्याला दाब वेगळा, स्लिंगचा, म्हणजे हाताला बांधायच्या पट्ट्याचा, ताण वेगळा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य घेतलं. त्या फायनलमध्ये गुडघ्यावर, आडवं आणि उभं अशा क्रमाने मारतात, आणि पोझिशन बदलताना साइट लावून बघायला वेळ मिळतो. इतक्या वरच्या पातळीवरही तो वेळ लागतो, मग आपण तीन पोझिशनसाठी तीन आकडे लिहून ठेवायला काय हरकत आहे.

मॅचमध्ये सुरुवातीला १५ मिनिटं तयारी आणि साइटिंग शॉटची मिळतात, त्यात हवे तेवढे शॉट मारता येतात. नवखे या वेळात दहा मारण्यामागे लागतात. तुम्ही ग्रुप बघा, दोन-तीन क्लिकचा फरक दिसला तर तेवढा करा. त्याहून मोठा फरक दिसला तर आधी गाल कुठे टेकलाय ते बघा.

१०. वहीचं एक पान

माझं पान असं असतं. हवं तर उतरवून घ्या:

रायफल: क्लबची, क्र. ३. साइट नळीच्या ४ सेंमी वर.
गोळी: ४० ग्रेन, लॉट नंबर डब्याच्या झाकणावरून कापून चिकटवलाय.
अंतर ५०, आडवं. सकाळी सव्वासात, वारा नाही, ऊन डावीकडून.
ग्रुप १: ३० खाली, ११ उजवीकडे. ८ वर, ३ डावीकडे.
ग्रुप २: ४ खाली. १ वर.
ग्रुप ३: मध्यावर. चौथा शॉट मी खेचला, सुटतानाच सांगितलं होतं.
२५ साठी: ६ खाली धरलं, प्रत्यक्षात ५ लागले.
उभं: अजून काढायचंय.